पायाखालचा चेहरा

ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाला सांगितलेली नाही. बायकोला नाही. देवळात गेलो तरी हात जोडून दुसरंच काहीतरी पुटपुटतो आणि बाहेर पडतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मागच्या महिन्यात बेंगळुरूत एका बाईंनी मला चारचौघांत एक प्रश्न विचारला, आणि मी इतकं सफाईनं खोटं बोललो की माझी मलाच किळस आली — म्हणूनही असेल.

प्रदर्शन होतं. पांढऱ्या भिंती, थंड हवा, आणि काचेच्या चौकटींत माझी पोस्टरं. माझी म्हणजे — थांबा, तेही सांगायचं आहे. जत्रेतल्या गाण्याच्या सामन्यांची, हातानं जाळीतून छापलेली पोस्टरं. आमच्याकडे हुमनाबाद, भालकी, हुलसूर भागात ही कधीकाळी भिंतीभिंतीवर होती. आता शहरातली माणसं ती शोधत येतात, चिमट्यानं उचलतात, उजेडाला धरून शाईचे थर मोजतात. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी सगळ्यात मोठी भिंत एकाच पोस्टराला दिली होती. त्यात गुंडप्पा शाहीर डफ उंचावून उभा आहे, खाली लालभडक जमीन आहे, आणि त्या लालात, बरोबर त्याच्या पायांखाली, एका म्हाताऱ्याचा फिकट चेहरा आहे. एकदा दिसला की मग तोच दिसत राहतो.

बाईंनी विचारलं, हा चेहरा तुम्हाला कसा सुचला?

मी म्हणालो, प्रत्येक गाणाऱ्याच्या पायाखाली त्याच्या आधीचा गाणारा असतो, ते दाखवायचं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मला त्या वेळी काय आठवत होतं सांगू? हाडाचा आवाज. ओली काटकी मोडताना येतो तसा — कडक नाही, चिवट.

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आमची मूळची मेंढरं राखणारी घरं, मेहकरकडची. लहानपणी आजोबांच्या कळपातलं एक कोकरू सारखं मागं राहायचं. एका दुपारी मी त्याला असा सोटा घातला की त्याची कंबर गेली. आजोबांना सांगितलं, लांडगा आला होता. त्यांनी दोन दिवस कुत्री घेऊन लांडगा शोधला. मी पण त्यांच्यासोबत शोधला. हे आता का आठवलं? तुम्हाला कळेलच.

हुमनाबादला बसस्टँडच्या मागं आमचं छपाईचं दुकान होतं. दुकान दोघांचं — काशिअण्णाचं आणि माझं. काशिनाथ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, हुलसूरचा. चित्र काढायचं, ब्लेडनं फिल्म कापायची, हे त्याचं काम. शाई कालवायची, रबर ओढायचं, जाळ्या धुवायच्या, हे माझं. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. चित्राचा तेवढा भाग मोकळा, बाकीचा त्या कापलेल्या फिल्मनं बुजवलेला. चौकट टेबलाला बिजागरीनं जोडलेली. ती उचलायची, खाली कागद सारायचा, चौकट पाडायची, वर शाई ओतून रबरानं जोर लावून ओढायची. एका रंगाला एक चौकट. चार रंगांच्या पोस्टरला एक कागद चार वेळा टेबलावर येतो, आणि केसभर जरी सरकला तरी शाहिराला दोन नाकं होतात.

फ्लेक्स तेव्हा आलंच होतं. तरी सामन्याचे फड आमच्याकडे यायचे, आणि ते केवळ काशिअण्णाच्या हातासाठी. त्या माणसानं कापलेल्या चेहऱ्यात गळ्याची शीर ताणलेली दिसायची. डोळे असे की शाहीर आता तुमच्याच अंगावर येतो की काय. जत्रा संपली की लोक भिंतीवरून पोस्टर ओलं करून अलगद सोडवत आणि घरात नेऊन लावत. मी स्वतः भालकीत एका घरी देवघराच्या शेजारी आमचं पोस्टर पाहिलंय. उपाशी बसेन पण खोटं चित्र काढणार नाही, असला हा माणूस. राग यायचा मला त्याचा. आणि प्रेमही होतं — ते आता सांगणं निर्लज्जपणाचं आहे, पण होतं.

पोस्टराच्या उजव्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरात ‘काशि’ असं कापू लागला. मी म्हणालो, अण्णा, माझं पण नाव येऊ दे की. गुंडप्पाच्या फडातली चार माणसं तिथं चहा पीत बसली होती. काशिअण्णा हसला. म्हणाला, “तू रबर वढायलास, मारत्या. मग रबराचं बी नाव घालायचं का?”

माणसं हसली. मीही हसलो. त्यानं ते सहज म्हटलं, पुढच्या क्षणी विसरलाही असेल. मी विसरलो नाही.

आता आधी ती गोष्ट ऐका, जी हुमनाबादेत सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या उन्हाळ्यात सिद्रामबुवा वारले. हुलसूरकडचे मोठे शाहीर, गुंडप्पाचे जन्माचे प्रतिस्पर्धी. वीस वर्षं दोघांनी एकमेकांना गाण्यात सवाल घातले. त्यांच्या माणसांनी आमच्याकडून श्रद्धांजलीचं पोस्टर छापून घेतलं — काळ्या शाईत बुवांचा मोठा चेहरा. पंधरा दिवसांनी गुंडप्पाच्या जत्रेचं काम आलं. मोठ्या मापाच्या चौकटी आमच्याकडे चारच. तेव्हा बुवांच्या चेहऱ्याची जाळी धुऊन तीच लाल रंगाला घेतली. काळी शाई जाळीत अशी बसते की नीट घासली नाही तर डाग राहतो, आणि त्या डागातून पुढची शाई कमी उतरते. आम्ही त्याला ‘सावली’ म्हणायचो. जाळीत सावली राहिली, म्हणायचो.

तशी ती राहिली. छापताना कुणाला दिसली नाही. कोरड्या कागदावरही दिसली नाही. पण भिंतीवर खळ लावून कागद चिकटवला, कागद भिजला, आणि लालातून सिद्रामबुवा वर आले — गुंडप्पाच्या दोन पायांखाली. हुलसूरच्या बाजारात भिंतभर बुवा पायाखाली. मरून महिना झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टेम्पोतून बारा-तेरा जण आले. पुढं बुवांचा पुतण्या रेवण. त्यांनी दुकान फोडलं, काशिअण्णाला मारलं, त्याचा उजवा हात चौकटीत घालून मोडला. मी मध्ये पडलो म्हणून त्याचा जीव वाचला. रेवण आत गेला. काशिअण्णानं पुन्हा ब्लेड धरलं नाही.

ही ती गोष्ट. चौदा वर्षं मी ती इतक्या वेळा सांगितली की आता डोळे मिटले तर रेवणचे हात चौकटीवर दिसतात. माणूस स्वतःच्या डोळ्यांनाही खोटं शिकवू शकतो, हे ठाऊक आहे तुम्हाला?

आता मूळ काय झालं ते.

सावली मी पाहिली होती. जाळी धुतली की उन्हाला धरून बघायची, ही आमची रीत — काशिअण्णानंच लावलेली. मी धरली. बुवा माझ्याकडं बघत होते, कपाळाच्या आठ्यांसकट. पुन्हा घासायला हवी होती. पाण्याच्या दोनच बादल्या उरल्या होत्या, पाठ भरून आली होती — ही कारणं खरी आहेत, पण तेवढीच नाहीत. मनात आलं, दिसलं तर दिसू दे. कोपऱ्यात नाव कुणाचं आहे? ज्याचं आहे तो शिव्या खाईल. रबराला कोण विचारतं?

पायांखाली येईल हे मला कळलं होतं का? चित्र समोरच होतं. चौकट मीच बसवली. कळलं नसेल कसं?

ते आले तेव्हा काशिअण्णा फिल्म कापत होता. रेवणनं भिंतीवरून फाडून आणलेलं ओलं पोस्टर टेबलावर आपटलं. “ह्ये कुणी केलं? आमच्या बुवाचं तोंड पायाखाली घातलाव?”

काशिअण्णानं पोस्टर पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्याला त्याच क्षणी कळलं — धुणारा कोण आणि उन्हाला धरणारा कोण. त्यानं पोस्टर हळूच टेबलावर सरळ केलं आणि म्हणाला, “चित्र मी काढलोय. पर बुवाला पायाखाली कामून घालू मी? त्येंचंच गाणं ऐकत वाढलोय. शाईचा दोष हाय. माफी मागतो म्हणा.”

शाईचा दोष. माझं नाव त्यानं घेतलं नाही. कोपऱ्यात न घेतलेलं माझं नाव त्यानं तिथंही घेतलं नाही.

रेवणनं त्याच्या कानाखाली मारली. दुसऱ्यानं पाठीत बुक्का घातला. काशिअण्णा टेबलाच्या पायाशी पडला, ओठ फाटला. शाईचे डबे लवंडले, जमीन लाल-काळी झाली, माणसं त्यात घसरू लागली. छापलेले गठ्ठे फाडले गेले. मी रॅकला चिकटून उभा. मला कुणी बोटही लावलं नव्हतं. मग त्यांच्यातला एक म्हातारा, डोईला पांढरा रुमाल बांधलेला, पुढं झाला. त्यानं रेवणचा दंड धरला. “बास झालं रे. बुवाला हे चाललं नसतं. चला.”

आणि ते निघाले.

हे वाक्य मी पोलिसांसमोर बोललो नाही, कोर्टात बोललो नाही. ते निघाले होते. दोघंतिघं शटरबाहेर गेलेही होते. काशिअण्णा टेबलाला धरून उठत होता, उजवा हात टेबलावर टेकून. रेवण जाता जाता वळला आणि माझ्यावर बोट रोखून म्हणाला, “आन् तू कोण रे? तू बी ह्येच्यातलाच न्हवं?”

एवढंच. मारतो म्हणाला नाही. पुढंही आला नाही. मी ‘व्हय’ म्हणायला हवं होतं. एक चापट बसली असती, फार तर दोन.

मी ओरडलो, “मी ह्येच्यातला न्हाई. ह्येनंच केलंय सगळं, मुद्दाम केलंय, मी नको म्हणलो व्हतो.” आणि मी काशिअण्णाचा हात धरला. मनगटाला. तो माझ्या बाजूनं जरा कललाही — त्याला वाटलं मी उठवतोय. मी तो हात बिजागरीच्या बाजूला चौकटीखाली सरकवला. दाराच्या बिजागरीत बोट सापडलं तर काय होतं हे घरात लहान पोर असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मला तर जास्तच ठाऊक होतं, ती चौकट मी रोज हजारदा पाडत होतो. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि पाडली. त्यानं हात ओढायचा प्रयत्न केला. मी पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा पाडून वर अंगाचा सगळा भार टाकला, रबर ओढताना टाकतो तसा.

तो ओरडला नाही. आवाज हाडांचाच आला. नंतर तो म्हणाला, “मारत्या.” त्यात शिवी नव्हती. माझं नाव तेवढं घेतलं.

भीतीपोटी केलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. त्या बारा-तेरा जणांना दाखवायला केलं. मग तिसऱ्यांदा का? पहिल्याच वेळेला ते सगळे थबकले होते. दुसऱ्या वेळी रेवण माझ्याकडं धावला — मला मारायला नाही, सोडवायला. त्यानं माझी मान धरून मागं ओढलं, तरी मी चौकट सोडली नाही. तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात भीती नव्हती. रबराचं बी नाव घालायचं का, हे होतं. आणि तुम्हाला खरं सांगायचं तर — त्या एका क्षणी मला बरं वाटलं.

पांढऱ्या रुमालाचा म्हातारा माझ्याकडं बघत म्हणाला, “आरं, काय केलास रे हे? तुजाच माणूस न्हवं का?” मग रेवणनं काशिअण्णाला खांद्यावर टाकून टेम्पोत घातलं. दवाखान्यात त्यानंच नेलं. माझ्या गोष्टीत त्याला दवाखान्यात मी नेतो.

संध्याकाळी पोलिसांनी विचारलं, हात कुणी मोडला. मी म्हणालो, रेवणनं. तोंडातून सहज निघालं, लांडगा निघाला होता तसंच. रेवणचे साथीदार ओरडून सांगत होते की ह्यानंच मोडला, ह्यानंच. कोण ऐकणार? दुकान फोडलेल्यांचं? काशिअण्णाचा जबाब घेतला तेव्हा तो म्हणाला, डोळ्यापुढं अंधारी आली होती, कुणी काय केलं कळलं नाही. त्यानं मला वाचवलं का? की मला माझ्याच स्वाधीन करून सोडलं? मी चौदा वर्षं याचा विचार केलाय, आणि त्यालाच विचारायची हिंमत झाली नाही.

कोर्टात मी बोट दाखवलं. रेवणनं माझ्याकडं बघून मान हलवली, वेड्याकडं बघून हलवतात तशी. त्याला शिक्षा झाली. आत असताना त्याची आई गेली. सुटून आल्यावर तो हैदराबादकडं गेला म्हणतात. मी चौकशी केली नाही.

दुकान माझं झालं. चौकट तीच आहे. फाडाफाडीतून वाचलेले गुंडप्पाचे अकरा कागद मी माळ्यावर गुंडाळून ठेवले होते — का ठेवले, कोण जाणे. चौदा पावसाळ्यांच्या ओलीनं बुवा त्यांतही वर आले होते. बेंगळुरूच्या बाई आल्या, त्यांनी ते उलगडले आणि तोंडावर हात ठेवला. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं की उजवे कोपरे वाळवीनं खाल्ले, म्हणून कापावे लागले. वाळवी लागली नव्हती. अकराही कोपरे मी पट्टी लावून ब्लेडनं कापले. ब्लेड त्याचंच होतं.

प्रदर्शनाहून आल्यावर मी हुलसूरला गेलो. प्रदर्शनवाल्यांनी छापलेलं पोस्टरांचं पुस्तक घेऊन गेलो. कबूल करायला गेलो होतो का? वाटेत बसमध्ये मला तसं वाटत होतं खरं. काशिअण्णा ओसरीवर बसला होता. उजव्या हाताची बोटं एकमेकांत वळून चिकटलीत, अंगठा तेवढा हलतो. डाव्या हातानं तो ताटलीतल्या शेंगा फोडत होता. एक शेंग गुडघ्याखाली दाबून धरायची, मग फोडायची. मी बघत बसलो. एका शेंगेला फार वेळ लागतो.

शांताक्का, त्याची बायको, चहा घेऊन आली. पुस्तक बघून तिचे डोळे भरले. म्हणाली, “त्या मुडद्यांचं वाटोळं व्हईल बघा. तुमी व्हता म्हणून ह्येंचा जीव तर ऱ्हायला, मारुतीभाऊ. मी पोरीला सारकी सांगती, मारुतीकाका नसते तर तुजा बाप नसता.”

काशिअण्णानं वर पाहिलं नाही. त्यानं पुस्तक मांडीवर घेतलं, डाव्या हातानं पानं उलटली, त्या पानाशी थांबला. खाली माझं नाव होतं, ठळक. गुंडप्पा, लाल जमीन, बुवांचा चेहरा. त्याचा अंगठा चित्रावरून सरकत सरकत उजव्या कोपऱ्यात गेला, जिथं ‘काशि’ असायचं आणि आता कागद कापलेला होता, आणि तिथंच राहिला. मी घशाशी आलेलं बोलायला तोंड उघडलं.

तो म्हणाला, “सरळ कापलास.”

मग त्यानं पुस्तक मिटलं आणि पुन्हा शेंग गुडघ्याखाली घेतली.

हात रेवणनं मोडला नव्हता. तो सोडवायला आला होता. काशिनाथचा हात मी मोडला, तीन वेळा चौकट पाडून, ती माणसं निघाली असताना. शांताक्कानं माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला, आणि मी तो प्यालो.